कव्हरवरची वाट

अनसूयाने आगाशीच्या वाचनालयाचं काम हाती घेतलं, तेव्हा मुलांचं कपाट कित्येक महिन्यांत कोणी उघडलेलं नव्हतं. कुलपात तेल घालून किल्ली फिरवावी लागली. आत पुस्तकं होती, चांगली होती, पण सगळ्यांचा चेहरा एकच. बाइंडरने मूळची कव्हरं काढून टाकून सरसकट तपकिरी पुठ्ठे आणि काळ्या कापडाच्या पाठी चढवल्या होत्या. शाळा सुटल्यावर मुलं यायची, त्या कपाटाकडे एकदा बघायची, टेबलावरची मासिकं चाळायची आणि निघून जायची. विरारला स्टेशनाबाहेर एका टपरीत पुस्तकं भाड्याने मिळत, तिथे मात्र याच मुलांची झुंबड असे. टपरीवाल्याने कव्हरं दिसतील अशी पुस्तकं दोरीला टांगली होती. कुठे पिस्तूल, कुठे कवटी, कुठे जिन्यावरून ओघळत येणारं रक्त.

"मुलांना वाचायचं नसतं असं नाही, नाना," अनसूया वडिलांना म्हणाली. "आत काय आहे ते त्यांना कळत नाही."

रामचंद्र मास्तरांना गावात सगळेच नाना म्हणत. वाचनालय त्यांनीच चार लोकांच्या मागे लागून उभं केलं होतं. शाळेतून निवृत्त झाल्यावर केळीची वाडी आणि हे वाचनालय एवढंच त्यांचं जग होतं. पत्नी गेल्यापासून घरात ते आणि अनसूया दोघंच.

"आत काय आहे ते कळायला वाचावं लागतं," नाना म्हणाले.

"आणि वाचायला आधी हातात घ्यावं लागतं."

नाना हसले आणि त्यांनी तिला रंगांसाठी पैसे दिले.

अनसूयाने शाळेत असताना चित्रकलेच्या दोन्ही परीक्षा दिल्या होत्या. झाडं, घरं, आकाश हे तिला छान जमायचं. माणसांचे चेहरे जमत नसत, म्हणून ती माणसं पाठमोरी काढायची. होड्या तर मुळीच जमत नसत. तिने काढलेली होडी नेहमी चपलेसारखी दिसायची. पण कार्डशीटवर पोस्टर कलरने ती रोज संध्याकाळी एक कव्हर करू लागली आणि खळीने पुस्तकावर चिकटवू लागली. पहिल्याच आठवड्यात कपाटाचा एक कप्पा रिकामा झाला. अनेक वर्षं कोणी न नेलेली पुस्तकं मुलं आपसांत भांडून नेऊ लागली. विहिरीत वाकून बघणारी मुलगी काढलेलं एक पुस्तक तर घरोघर फिरून इतकं मळलं, की तिला कव्हर नव्याने करावं लागलं. ते पुस्तक खरं तर शेतीच्या पाण्याविषयी होतं.

"फसवतेस की काय पोरांना?" नानांनी विचारलं.

"विहीर आहे ना आत? तिसऱ्या धड्यात आहे."

पावसाळा संपता संपता ती 'जलदुर्गाचा पहारेकरी' या जाडजूड गोष्टीपर्यंत आली. अक्षर बारीक, भाषा जुनी. बाइंडरने कडा न कापताच पुठ्ठा चढवला होता, त्यामुळे मागची बरीच पानं एकमेकांना जोडलेलीच होती. म्हणजे हे पुस्तक इतक्या वर्षांत कोणी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. अनसूयानेही सुरुवातीची दोन प्रकरणं तेवढी वाचली. समुद्रात एक किल्ला. तिकडे होडीने निघालेला नायक. अमावास्येच्या ओहोटीला किनारा आणि किल्ला यांच्यामध्ये वाळूवर एका रांगेत पेटणारे दिवे. तिला पुढे वाचायची गरजच वाटली नाही. कव्हर तिच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं होतं.

होडी काढायची नव्हती, म्हणून तिने वाट काढली. ओल्या वाळूतून किल्ल्याकडे जाणारी पिवळसर, किंचित वळणाची वाट. दोन्ही बाजूंना खांबांवर दिवे. वाटेवर हातात हात घालून चाललेली दोन पाठमोरी मुलं. समुद्रातला किल्ला म्हणून तिने पाहिलेला एकच होता, तो तिने काढला. त्यामुळे चित्रात अर्नाळ्याचे बुरूज आले, किनाऱ्यावरची सुरूची झाडं आली, बोंबील वाळवायच्या बांबूच्या वलांडीसुद्धा आल्या. तिने आजवर केलेल्या कव्हरांमध्ये हे सगळ्यांत सुंदर होतं. नानांनाही ते बराच वेळ खाली ठेववेना.

दुसऱ्या दिवशी हिल्डाने ते पुस्तक नेलं.

हिल्डा बारा वर्षांची. नंदाखाल गावाच्या बाजूला तिच्या घरची मोगऱ्याची आणि भाजीची वाडी होती. वडील आखातात नोकरीला गेले होते, घर आई पॉलिन बघायची. हिल्डा फार बोलत नसे. तिच्याबरोबर नेहमी तिचा धाकटा भाऊ प्लासिड असायचा. तो पुस्तकांना हात लावत नसे, दाराशी बसून चपलेने माती उकरत राहायचा.

तिसऱ्या दिवशी हिल्डाने पुस्तक परत आणलं.

"वाचलंस?" अनसूयाने विचारलं.

"थोडं." हिल्डाचा हात कव्हरवरच होता. "बाई, ही वाट कुठून सुरू होते? वलांडीच्या उजवीकडून की डावीकडून?"

"चित्र आहे गं ते."

"पण हा अर्नाळाच आहे ना?"

"तसाच काढलाय. आपल्याला माहीत असलेलं आपण काढतो."

हिल्डाने मान हलवली. अनसूयाला वाटलं, तिला कळलं.

मग ते पुस्तक एकीकडून दुसरीकडे फिरू लागलं. मुलं ते घरी न्यायची, एकदोन दिवसांत परत आणायची, आणि कोणी ना कोणी दाराबाहेर ते घ्यायला थांबलेलंच असायचं. अनसूयाला आनंद व्हायचा. मग एकदा तिने सहज मागची पानं चाळली. ती अजूनही जोडलेलीच होती.

एकदा कव्हरवर पेन्सिलीचे ठिपके दिसले. तिने काढलेली वाट किल्ल्याच्या थोडी अलीकडे संपत होती, कारण तिथे तिने धुकं दाखवलं होतं. ठिपके त्या धुक्यातून जाऊन थेट बुरुजाच्या पायथ्याला भिडले होते. तिने ते रबराने पुसले. पुढच्या खेपेला ठिपके पुन्हा होते. शिवाय पाठमोऱ्या दोन मुलांच्या मागे पेन्सिलीने एक तिसरं मूल काढलेलं होतं. मग चौथं. ती पुसत राहिली आणि मुलं वाढत राहिली. कोणाला रागवावं तेही कळेना, कारण ठिपक्यांचा दाब दर वेळी वेगळा असायचा. ते काही एकाच हाताचं काम नव्हतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पुस्तक परत आलं, तेव्हा तिने ते टेबलावर आपटून धूळ झटकली आणि पानांमधून वाळू पडली. बारीक, काळसर, ओलसर वाळू. बोटांवर घेतली तर खारट वास आला. टेबलापलीकडे उभी असलेली मुलं एक पाऊल मागे सरली.

"हे कोणी नेलं होतं किनाऱ्यावर?"

हिल्डा खिडकीबाहेर बघत होती.

त्याच दुपारी अनसूया एसटीने अर्नाळ्याला गेली. ओहोटी होती. पाणी बरंच आत गेलं होतं आणि किल्ल्याचं बेट नेहमीपेक्षा जवळ आल्यासारखं वाटत होतं. मध्ये वाळूचे दांडे उघडे पडले होते, त्यांच्यामधून पाण्याचे पट्टे चमकत होते. तिने स्वतःच्या चित्रात काढलं होतं तसंच. तिथे उभं राहून बघताना तिलासुद्धा वाटलं, की चार पावलं टाकली तर पोचू.

वलांडीवर बोंबील टांगणाऱ्या एका बाईने तिला हाक मारली. रखमाबाई तिचं नाव. वय झालेलं, हात मात्र भराभर चालत होते.

"तुमी त्या पुस्तकाच्या बाई का?"

"कोणत्या पुस्तकाच्या?"

"पोरं येतात तुमची. पुस्तक धरून हुबी रातात तिथं, पान्याच्या कडंला. येकदा बघतात चित्राकडं, येकदा किल्ल्याकडं. मी हाकलते त्यान्ला. तर मला सांगतात, पुस्तकात वाट हाये म्हनून."

"वाट आहे का खरंच?" अनसूयाने विचारलं, आणि विचारल्यावर तिची तिलाच लाज वाटली.

रखमाबाईने हातातला बोंबील खाली ठेवला. "कुनाला इचारशील तर सांगंल, पूर्वी व्हती. माझा सासरा पन सांगायचा. चाललेलं कुनी बघितलं नाय. आमची पोरं जात नाय तिकडं, त्यान्ला ठावं हाये. पानी म्होरून नाय येत, बाय. खाडीच्या अंगानं येतं, पाठीमागनं. तू किल्ल्याकडं बघत चालतेस आनि मागं भरतं. वळून बघशील तर किनारा तुटलेला."

परतीच्या एसटीत अनसूया खिडकीशी बसली होती, पण तिला बाहेरचं काही दिसत नव्हतं. घरी आल्यावर तिने स्वयंपाकघरातली सुरी घेतली, जोडलेली पानं कापली आणि पुस्तक शेवटपर्यंत वाचलं.

वाळूवरचे दिवे वाट दाखवण्यासाठी नव्हतेच. किल्ल्यातले लोक ते शत्रूसाठी लावत. दिव्यांच्या मागे मागे शत्रूची माणसं चालत येत, आणि मध्यावर आली की मागून पाणी भरे. प्रकरणामागून प्रकरणं याच गोष्टीची होती. नायकाचा भाऊच त्या दिव्यांच्या मागे जाऊन बुडाला होता. पुस्तकातल्या पापाचंच तिने देखणं चित्र काढलं होतं आणि बारा वर्षांच्या मुलांच्या हातात दिलं होतं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. "कपाटात टाक आणि कुलूप लाव," ते आधी म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "नको. लपवलंस तर त्यांना वाटेल, खरं आहे म्हणून लपवलं."

म्हणून अनसूयाने वाटेवर निळा रंग फासला. दिवे बुजवले. मुलं बुजवली. मधोमध तिने एक होडी काढली, आणि ती चपलेसारखी दिसली तरी तशीच ठेवली. पुस्तक कपाटात परत गेलं.

दोन दिवस कोणी त्याला हात लावला नाही. मग हिल्डा आली. तिने कव्हर उजेडात तिरकं धरलं, बोट जिभेला लावून ओलं केलं आणि निळ्या रंगावर हलकेच फिरवलं. निळा रंग बोटाला आला. खालची पिवळी वाट दिसायला लागली.

"बाई, तुम्ही वाट पुसलीत."

"तिथे वाट नाहीच, हिल्डा. मी चुकीचं काढलं होतं."

"मग आधी का काढलीत?"

अनसूयाला सांगता आलं असतं, की मला होडी काढता येत नाही. पण दाराशी आणखी मुलं उभी होती, आणि ती सगळी उत्तराची वाट बघत होती. ती म्हणाली, "शनिवारी मी हे पुस्तक वाचून दाखवणार आहे. सगळ्यांनी या. मग कळेल."

शनिवारी वाचनालयाची खोली भरली. काही जण खिडकीत बसले. अनसूयाने निवडून ठेवलेलं प्रकरण वाचलं, दिव्यांच्या मागे जाणाऱ्या माणसांचं. ती चांगलं वाचायची. पाणी मागून भरू लागतं आणि कंबरभर पाण्यात उभा असलेला भाऊ भावाच्या नावाने हाका मारतो, त्या जागी एका लहान मुलीने रडायला सुरुवात केली. अनसूयाने पुस्तक मिटलं. तिला वाटलं, झालं. सुटले.

"पण बाई," मागून हिल्डाचा आवाज आला, "ते दिवे कोण लावायचं?"

"किल्ल्यातले लोक."

"ते कसे जायचे दिवे लावायला?"

"चालत," कोणीतरी पुटपुटलं.

"आणि परत कसे यायचे?"

अनसूयाने पुस्तक उघडलं, पानं मागेपुढे केली. लेखकाने त्याविषयी एक अक्षरही लिहिलं नव्हतं. दिवे लागायचे, लावणारे परत यायचे. मुलांचे चेहरे तिच्याकडे वळलेले होते, आणि त्यांच्यावरची भीती ओसरलेली तिला दिसली. तिच्या जागी जे आलं होतं, ते तिला भीतीपेक्षा वाईट वाटलं.

"ही गोष्ट आहे," ती म्हणाली. "कोणीतरी घरात बसून लिहिलेली."

"तुमचं चित्रसुद्धा तसंच होतं ना?" हिल्डा म्हणाली. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता. ती मनापासून विचारत होती. "पण किल्ला तर खरा आहे."

त्यानंतर अनसूयाने ते पुस्तक घरी आणून ठेवलं. ती पॉलिनकडेही जाऊन आली. पॉलिन वाडीत पाटाचं पाणी फिरवत होती. तिने फावडं टेकवून ऐकून घेतलं, हिल्डाला हाक मारली आणि अनसूयादेखत दम भरला. समुद्रावर पाऊल टाकलंस तर पाय मोडेन. हिल्डाने मान खाली घालून होकार दिला. प्लासिड आईच्या पदराआडून बहिणीकडे बघत होता, आणि त्याच्या बघण्याने अनसूया अस्वस्थ होऊन परतली. त्या मुलाला काहीतरी माहीत होतं.

पौषातल्या अमावास्येला रविवार आला. वाचनालय बंद होतं. दुपार कलल्यावर पॉलिन अनसूयाच्या दारात येऊन उभी राहिली. ती घाईने चालत आली होती, पण बोलली अगदी हळू.

"बाई, पोरं तुमच्याकडं हायेत का? वाचनालयात जातो सांगून गेलेत. प्लासिडला पन नेलंय."

"आज रविवार आहे, पॉलिन."

मग अनसूयाने नानांची सायकल काढली. पॉलिन मागे कॅरिअरवर बसली. आगाशीपासून अर्नाळ्यापर्यंत रस्ता सपाट आहे, पण अनसूयाला तो कधी नव्हे इतका चढाचा वाटला. पॉलिन तिच्या पाठीशी हळू आवाजात जपमाळेची प्रार्थना म्हणत होती. एकच ओळ पुन्हा पुन्हा, पुढे न जाता.

किनाऱ्यावर पोचल्या तेव्हा सूर्य पाण्याला टेकत आला होता. इतकी खोल ओहोटी अनसूयाने कधी बघितली नव्हती. होड्या चिखलात कुशीवर पडल्या होत्या. रखमाबाई पाण्याच्या दिशेने धावत होती, आणि तिचा मुलगा गंगाराम दोघातिघांना हाका मारत एका लहान होडीला खांदा लावत होता.

दूर, शेवटच्या दांड्यावर, दोन ठिपके होते. एक मोठा, एक लहान.

"आमी जाळी उचलत व्हतो," रखमाबाई म्हणाली. "कवा गेली कळलं नाय. हाका मारल्या. मोठी वळून बघत नाय."

पॉलिनने मुलांची नावं घेऊन हाक मारली. तिचा आवाज वाऱ्याने मागे आणला. लहान ठिपका थांबला. मोठा थांबला नाही. मग लहान ठिपका खाली बसला, आणि दोघांमधलं अंतर वाढू लागलं.

"हिल्डाने हात सोडला त्याचा," पॉलिन म्हणाली. आश्चर्य वाटल्यासारखी.

होडी चिखलातून सरकत नव्हती. अनसूया साडी खोचून माणसांमध्ये शिरली आणि जिथे हात पुरेल तिथे ढकलू लागली. पाय गुडघ्यापर्यंत रुतत होते. तेवढ्यात पोटऱ्यांना गार वाटलं. तिने खाली बघितलं. पाणी आलं होतं. लाटेबिटेचा आवाज नव्हता. उत्तरेकडून, खाडीच्या अंगाने, ते वाळूवरून पसरत येत होतं, आणि तिच्या पुढे, किनारा आणि तो लहान ठिपका यांच्यामध्ये, एक रुंद पट्टा आधीच भरला होता. त्यात मावळतीचा रंग उतरला होता. फार सुंदर दिसत होतं ते.

होडी तरंगली. गंगाराम आणि आणखी एक जण चढले. बाकीच्यांना त्याने हाताने मागे सारलं.

त्यानंतर उजेड भराभर गेला. पॉलिन आणि अनसूया पाणी चढेल तशा मागे मागे सरकत होत्या आणि बघत होत्या. होडी लहान ठिपक्यापाशी पोचली तेव्हा तो कमरेपर्यंत बुडालेला दिसत होता. त्याला वर ओढून घेतलेलं दिसलं. मोठा ठिपका कुठेच नव्हता. होडी तिथल्या तिथे फिरत राहिली. गंगारामच्या हाका ऐकू येत होत्या, आणि हाकांच्या मध्ये काहीच ऐकू येत नव्हतं. मग अंधारात होडीही दिसेनाशी झाली.

अनसूयाला रडू येत नव्हतं. तिला फक्त ते शनिवारचं प्रकरण आठवत होतं, शब्द न् शब्द, आणि ते डोक्यातून जात नव्हतं.

किती वेळ गेला कोण जाणे. बेटाच्या बाजूला एक कंदील दिसला. तो उजवीकडून डावीकडे हलत होता.

"बेटावरची मान्सं हायेत," रखमाबाई म्हणाली. "खूण करतात. घावली वाटतं."

गंगाराम दोघांना घेऊन परत आला. प्लासिड गोणपाटात गुंडाळलेला होता. त्याचे दात वाजत होते आणि आईला बघूनही तो काही बोलला नाही. हिल्डा होडीतून स्वतःच्या पायांनी उतरली. तिचे केस गालाला चिकटले होते, फ्रॉकमधून पाणी गळत होतं. पॉलिनने तिला मारण्यासाठी हात उचलला, आणि त्याच हाताने तिला छातीशी धरलं.

गंगाराम अनसूयाला बाजूला घेऊन म्हणाला, "बुरुजाखालच्या खडकाला धरून व्हती. तिथल्यांनी वढून काढली. डोक्यावरनं पानी गेलंय तिच्या. कशी वाचली, देवाला ठावं."

प्लासिड तापाने महिनाभर झोपून होता. उठला तेव्हाही तो फार थोडं बोलायचा, आणि पाटातलं पाणी पायाला लागलं तर किंचाळायचा. अनसूया त्याला भेटायला जायची. एकदा हिल्डा तिला फाटकापर्यंत सोडायला आली.

"बाई," ती म्हणाली, "वाट आहे."

"हिल्डा, तू बुडत होतीस. गंगारामने सांगितलं मला."

"नाही. पाणी गुडघ्याच्या वर आलंच नाही." तिचा चेहरा शांत होता. "प्लासिड बसला म्हणून राहिला. चालत राहिलं की पोचतं."

"तुझे केस भिजले होते. मी स्वतः बघितले."

हिल्डाने जरा विचार केला. ती खोटं बोलत असती तर अनसूयाला बरं वाटलं असतं. पण तिचा त्यावर विश्वास होता. "ते नंतर," ती म्हणाली आणि घरात गेली.

वाचनालयाच्या मंडळींनी मुलांचं कपाट काही दिवस बंद ठेवायचं ठरवलं. नानांनी विरोध केला नाही. अनसूयाने आपण केलेली सगळी कव्हरं काढून टाकली. पण आता कोणाला कव्हराची गरज उरली नव्हती. शाळेत मधल्या सुट्टीत मुलं हिल्डाभोवती बसायची. ती फार काही सांगत नसे. विचारलं तर तेवढंच म्हणायची, मी गेले होते. तिच्या वर्गातली मुलं ते आपापल्या चुलत भावंडांना सांगायची, ती विरारला आपल्या वर्गात सांगायची. प्लासिडचं नाव त्या गोष्टीतून केव्हाच गळून गेलं होतं. अनसूया शाळांमधून गेली, मुख्याध्यापकांना भेटली, वर्गावर्गात जाऊन बोलली. मुलं शांतपणे ऐकायची. त्याच या बाई, ज्यांनी वाट पुसली, असं एकदा तिच्या पाठीमागे कोणीतरी म्हणालं.

मग ती अमावास्या-पौर्णिमेला संध्याकाळी अर्नाळ्याला जाऊन बसू लागली. रखमाबाई तिच्यासाठी फळकूट टाकून ठेवायची. दोघी वलांडीपाशी बसून पाण्याकडे बघत. कधी कोणी यायचं नाही. कधी दोघंतिघं यायची, अनसूयाला बघून माघारी फिरायची.

फाल्गुनातल्या अमावास्येला सुरूच्या झाडांतून पाच-सहा मुलं आली. त्यांतल्या एकालाही तिने पूर्वी बघितलं नव्हतं. कपड्यांवरून ती विरारच्या नव्या इमारतींमधली वाटत होती. पायांत कॅनव्हासचे बूट होते. पाणी खूप आत गेलं होतं.

अनसूया उठून त्यांच्यासमोर गेली. "कुठे निघालात?"

"किल्ल्यावर," एक मुलगी म्हणाली. "चालत जाता येतं ना इथून?"

"नाही जाता येत. कुठल्या पुस्तकात वाचलंत तुम्ही हे?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. "पुस्तक कसलं?" एक मुलगा म्हणाला. "एक मुलगी गेली होती. सगळ्यांना माहितीये."

"ती मुलगी बुडत होती. तिचा भाऊ अजून नीट बोलत नाही. मी इथेच उभी होते."

मुलं ऐकून घेत होती, आदराने, जसं मोठ्या माणसांचं ऐकायचं असतं तसं. त्यांतली सगळ्यांत लहान मुलगी खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागली. अनसूयाने तिचा दंड धरला. मुलगी घाबरली नाही, तिने फक्त हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. मागून रखमाबाई गंगारामला हाका मारत होती, आणि तिच्या आवाजात काही वेगळं ऐकू आलं म्हणून अनसूयाने वळून बघितलं.

रखमाबाई इकडे बघतच नव्हती. तिचा हात किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडे होता. तिथे, झाडांच्या पलीकडून, दुसरी काही मुलं केव्हाच ओल्या वाळूवर उतरली होती आणि एकामागून एक पाण्याच्या दिशेने चालत निघाली होती.